भीड, भीती आणि विहिरीचं पाणी



कुठल्याही सभागृहात शिरलो की माझी नजर आधी शेवटच्या रांगेकडे जाते. धंद्याची सवय. आजचा विषय ज्यांच्या रोजच्या जगण्याचा आहे अशी माणसं आली असतील, तर ती दाराजवळच्या खुर्च्यांवर असणार, वेळ आली तर गुपचूप निसटता येईल अशा बेतानं. त्यांनी तिथंच बसावं. ‘पुढं या, पुढं जागा आहे’ असं मी म्हणणार नाही, आणि कार्यकर्त्यांनीही म्हणू नये.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले सर आज असते तर तेही तिथंच असते. इथं त्यांची तसबीर आहे, तिला हार आहे, समोर समई आहे. इतक्या लोकांसमोर, इतक्या उजेडात सर हयातीत कधी बसले नाहीत. बक्षीस समारंभाला ते मागं खुर्च्या मोजत फिरायचे. वर्गात भूमिती शिकवताना तोंड कायम फळ्याकडे. आम्हाला वाटायचं, सरांचा आकृतीवर जीव आहे. तो होताच. पण निवृत्तीनंतर एकदा ओट्यावर बसलेले असताना ते मला म्हणाले, “फळ्याला डोळे नसतात रे.” मी तेव्हा मनोविकारशास्त्रात नुकताच एम.डी. होऊन आलो होतो. त्या वाक्यात जो आजार होता त्याच्यावर मी परीक्षेत अख्खी उत्तरपत्रिका भरली होती, आणि सात वर्षं ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्यात तो मला कधी दिसला नव्हता.

मराठीत या भावनेला शब्दांची वाण नाही. लाज, संकोच, भीड, बुजरेपणा. भीड भिकेची बहीण म्हणून आपण भिडस्ताला हिणवतो, आणि भीडभाड न ठेवणाऱ्याला उद्धट ठरवून मोकळे होतो. बोबडी वळणं, ततपप होणं, घशाला कोरड पडणं, हातपाय गळणं, सगळी लक्षणं भाषेनं टिपून ठेवली आहेत. एक गोष्ट मात्र तिच्या हातून निसटली. समारंभ महिन्याअखेरीस असतो आणि झोप आजपासून उडते. समारंभ पार पडतो, आणि आपण काय बोललो, कुणाच्या चेहऱ्यावर काय उमटलं, हे पुढचे पंधरा दिवस उगाळत बसायचं. पाच मिनिटांच्या प्रसंगाला महिन्याचं भाडं. बुजऱ्या स्वभावाला मी आजार म्हणत नाही, बुजऱ्या माणसांवर जग चाललेलं आहे. हे भाडं भरता भरता जेव्हा शिक्षण सुटतं, नोकरी सुटते, लग्नकार्याला जाणं सुटतं, तेव्हा मी त्याला सामाजिक चिंताविकार म्हणतो.

एक गृहस्थ सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कचेरीत लेखनिक होते, अक्षर मोत्यासारखं. कुणी समोर उभं असलं की मात्र त्यांना सही करता यायची नाही. हात थरथरायचा, आणि थरथर समोरच्याला दिसेल या धास्तीनं आणखी थरथरायचा. त्यांनी तोड काढली होती. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. “लागलंय जरा, कागद ठेवून जा, उद्या देतो.” वर्षातले निम्मे दिवस अंगठ्याला पट्टी. चारचौघांत चहा बंद केला होता, कारण कप बशीवर वाजतो. बाहेर सांगायचे, पित्त होतं. घरी एकटे असले की दोन कप. बढती आली तेव्हा ती नाकारली. वरच्या जागेवर लोकांसमोर सह्या करायच्या होत्या. हे सगळं त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. पहिल्या दोन भेटी पित्तावर गेल्या.

वैद्यकालाही हा आजार उशिराच दिसला. फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी 1903 मध्ये सामाजिक प्रसंगांच्या भयाचं वर्णन केलं होतं. 1966 मध्ये लंडनला आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी इतर भयगंडांपासून ते वेगळं काढलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत त्याला जागा मिळाली ती 1980 मध्ये. 1985 साली मायकेल लिबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी त्याच्यावर लिहिलं तेव्हा मथळ्यातच त्याला दुर्लक्षित आजार म्हटलं. लिबोविट्झ यांची 24 प्रसंगांची मोजपट्टी मी आजही वापरतो. त्यात भाषण देणं आहे, तसंच लोकांदेखत जेवणं, कुणी बघत असताना लिहिणं, दुकानात घेतलेली वस्तू परत करणं हेही आहे. आपल्याकडच्या आवृत्तीत मी मनातल्या मनात पंचविसावा प्रसंग घालतो, भरल्या मांडवात उखाणा घेणं. बायका हसतात, पण एका नववधूनं माझ्यासमोर रडत सांगितलं आहे की लग्नाची तिला भीती नव्हती, त्या एका क्षणाची होती.

आजार बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास डोकं वर काढतो. हे वय लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता मेंदूकडे वळू. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानाच्या साधारण रेषेत खोलवर, बदामाएवढा पेशींचा पुंजका असतो. ग्रीक भाषेतल्या बदामावरून त्याला अमिग्डाला म्हणतात. वर्तमानपत्रं त्याला भीतीचं केंद्र म्हणतात, आणि एकदा केंद्र म्हटलं की माणसाला वाटतं तिथं एक बटण असेल. प्रकरण तसं सरळ नाही. अमेरिकेत एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक स्त्री आहे. एका दुर्मिळ आजारानं तिच्या दोन्ही अमिग्डाला नष्ट झाल्या. सापाची तिला भीती वाटत नाही. अनोळखी माणसापाशी ती सुमारे 34 सेंटिमीटरवर आरामात उभी राहते, इतरांना सरासरी त्याच्या दुप्पट अंतर लागतं. पण कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगवली तेव्हा तिचीही भीतीनं गाळण उडाली. केंद्र नाही, तरी भीती आहे. म्हणून हल्ली एखादा भाग पेटला की विझला एवढ्यावर कुणी थांबत नाही. कोण कुणाशी बोलतं, हे विचारलं जातं.

हे कसं विचारायचं ते सांगण्यासाठी मी तुम्हाला आमच्या गावी नेतो. वाडीत दोन विहिरी होत्या, मध्ये शे-दीडशे पावलं. एकीवर इंजिन लावलं की दुसरीचं पाणी उतरायचं. भावकीत यावरून डोकी फुटली. खालचा झरा कुणीच पाहिला नव्हता, पण पाणी बरोबर चढतं आणि बरोबर उतरतं यावरून सगळे तो आहे असं धरून चालत.

मेंदूतल्या जोडणीचा अभ्यास असाच चालतो. जो भाग राबतो तिकडे प्राणवायूनं भरलेलं रक्त जास्त जातं, आणि तो फरक फंक्शनल एमआरआयला कळतो. 1995 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं की माणूस काहीही न करता नुसता पडून असला तरी हात हलवणाऱ्या डाव्या आणि उजव्या भागांतले संकेत एका लयीत वरखाली होतात. अनेकांनी ती खरखर समजून सोडून दिली. पण तो झरा होता. दोन भागांचं पाणी एकत्र चढत-उतरत असेल तर त्यांच्यात कार्यात्मक जोडणी आहे, असं आज म्हणतात. खालचा प्रत्यक्ष झरा, म्हणजे मज्जातंतूंची जुडी, पाहायची तर दुसऱ्या प्रकारचा एमआरआय लागतो. त्यात पाण्याचे रेणू कुठल्या दिशेनं सहज सरकतात ते बघतात. तंतू एका दिशेला नीट बांधलेले असले की पाणी त्यांच्या कडेनं जातं.

माझ्या गृहस्थांसारख्या लोकांच्या विहिरींत काय दिसलं? कपाळामागं, डोळ्यांच्या खोबणीवर, मेंदूचा एक भाग आहे. आलेल्या संकटाचं वजन करणं, ‘अरे, हा तर नुसता कुरिअरवाला आहे’ असं अमिग्डालाला समजावणं, हे त्याच्या कामांपैकी एक. दोघांच्या मध्ये आकड्यासारखी वळलेली तंतूंची जुडी जाते, तिचं नावही लॅटिनमधल्या आकड्यावरून पडलं आहे, अनसिनेट फॅसिक्युलस. 2009 मध्ये लुआन फान आणि सहकाऱ्यांनी या विकाराच्या 30 जणांची 30 निरोगी लोकांशी तुलना केली, तेव्हा उजव्या बाजूच्या जुडीत तंतूंची बांधणी कमी एकसंध दिसली. 2011 मध्ये व्हिएन्नाच्या गटाला स्वस्थ पडलेल्या रुग्णांत अमिग्डाला आणि त्या पुढच्या भागाचं एकत्र चढणं-उतरणं कमी आढळलं. 2013 साली स्वीडनमध्ये भेदरलेले चेहरे दाखवून पाहिलं. चेहरे ओळखणाऱ्या भागाची अमिग्डालाशी जोडणी वाढलेली होती आणि समजावणाऱ्या भागाशी घटलेली. चेहरा दिसला की निरोप धोक्याच्या खात्यात आधी पोचतो आणि शहाण्या खात्यात उशिरा, असं मी याचं घरगुती भाषांतर करतो. ते भाषांतरच आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आता ते तेरावं वर्ष. मेंदूतल्या बहुतेक जुड्या आधी पिकतात, ही आकड्याची जुडी मात्र विशीच्या पुढंही पिकत राहते. म्हणजे समोरच्याच्या नजरेचं भान सगळ्यांत धारदार होतं त्या वयात समजावणाऱ्याचा रस्ता अजून कच्चा असतो. इथून पुढं कार्यकारणाची साखळी जोडायचा मोह होतो. मला झाला आहे. साखळी सिद्ध झालेली नाही. रस्ता कच्चा म्हणून भीती राहिली, की वर्षानुवर्षं चिकटपट्टी लावून रस्ता वापरलाच नाही म्हणून तो कच्चा राहिला, हे एकदाच काढलेल्या चित्रावरून ओळखता येत नाही.

आणि चित्राबद्दलही थोडं. पाऊस पडला तर दोन्ही विहिरींचं पाणी चढेल, मध्ये झरा असो वा नसो. श्वास, हृदयाचे ठोके, डोक्याची बारीकशी हालचाल हा मेंदूच्या चित्रातला पाऊस. डोकं थोडं हललं तरी दूरच्या भागांमधली जोडणी खोटीच कमी दिसते, हे 2012 मध्ये नीट उघड झालं, आणि तोवर पुष्कळ निबंध छापून झाले होते. अरुंद नळीत निजलेला, आधीच बिचकलेला माणूस निरोगी माणसाइतका स्थिर पडून राहील का?

मेलेल्या माशाची गोष्ट सांगायचा मोह इथं आवरत नाही. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी बाजारातला मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे सामाजिक प्रसंगांतले फोटो दाखवले. फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल, असंही रीतसर विचारलं. हजारो ठिकाणी एकदम तपासणी करताना जी आकडेमोडीची खबरदारी घ्यायची असते ती गाळली, तर माशाच्या मेंदूत हालचाल ‘दिसली’. 2012 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. मी विद्यार्थ्यांना सांगतो, चारचौघांतली भीती मेलेल्या माशालाही असते, तुमचं गणित कच्चं असेल तर.

विनोद सोडला तरी अडचण उरते. 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये स्कॉट मॅरेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूची रचना किंवा जोडणी आणि माणसाचं वागणं यांतला धागा भरवशानं शोधायचा तर हजारो माणसं लागतात. आपण बोलतो आहोत ते अभ्यास तीस-चाळीस जणांचे. म्हणूनच एका ठिकाणी जोडणी कमी सापडते, दुसऱ्या ठिकाणी, वेगळं काम दिल्यावर, जास्त. जगभरातले 37 नमुने, त्यांतले अकराशेहून जास्त रुग्ण, एकत्र करून मेंदूच्या खोल भागांचं आकारमान मोजलं गेलं तेव्हा फरक निघाला, पण इतका बारीक की दोन माणसं शेजारी उभी केली तर चित्रावरून कुणाला आजार आहे ते सांगता येणार नाही. शिवाय तो ठळकपणे निघाला प्युटामेन नावाच्या भागात, ज्याचं नाव मी आत्तापर्यंत घेतलंही नव्हतं.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग डॉक्टर, ही सगळी उठाठेव कशाला? माझ्या लेखी तिचं मोल दुसरीकडे आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथं 2002 मध्ये टोमास फुरमार्क यांच्या गटानं 18 जणांना स्कॅनरमध्येच, लोकांसमोर, छोटं भाषण करायला लावलं. मग सहा जणांना सिटालोप्राम ही गोळी, सहा जणांना गटात वर्तनोपचार, सहा जण प्रतीक्षायादीवर. नऊ आठवड्यांनी पुन्हा भाषण. गोळीवाल्यांत आणि बोलण्याचे उपचार घेतलेल्यांत, जे सुधारले त्यांच्या अमिग्डालाच्या परिसरातला रक्तप्रवाह उतरला होता. सहा-सहा माणसं म्हणजे मूठभर, हे मी आत्ताच बजावलं आहे. तरी एक गोळी आणि एक संवाद एकाच विहिरीवर जाऊन पोचले हे कळलं तेव्हा ‘नुसत्या बोलण्यानं काय होणार’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांसमोर ठेवायला माझ्या हाती काहीतरी आलं.

त्याच उप्सालातला पुढचा एक प्रयोग मला जास्त आवडतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना एस्सिटालोप्रामची तीच 20 मिलिग्रॅमची मात्रा. निम्म्यांना सांगितलं की हे गुणकारी औषध आहे. उरलेल्यांना सांगितलं की याचे दुष्परिणाम जाणवतील पण गुण येणार नाही. गोळी एकच. गुण आला पहिल्या गटात 50 टक्क्यांना आणि दुसऱ्यात 14 टक्क्यांना. दोन गटांत अमिग्डालाची मेंदूच्या मागच्या एका भागाशी असलेली जोडणीही वेगळी बदलली होती. मी प्रिस्क्रिप्शन लिहून ते न बोलता पुढं सरकवायचं सोडलं ते हे वाचल्यावर.

अमेरिकेत सुझन व्हिटफील्ड-गॅब्रिएली आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये उपचाराआधीच्या जोडणीवरून कुणाला बारा आठवड्यांच्या गटोपचाराचा गुण येईल याचा अंदाज बांधला. 38 रुग्णांत तो 81 टक्के बरोबर ठरला. हे पुढं मोठ्या संख्येवर टिकलं तर कामाचं ठरेल. तोवर मोजपट्टी, गप्पा आणि चिकटपट्टी पाहणारी नजर यांवरच माझा दवाखाना चालेल.

आपल्या मुंबईतला एक प्रसंग इथं आठवतो. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण 1891-92 च्या सुमारास स्मॉल कॉजेस कोर्टात मामीबाई नावाच्या अशिलाचा पहिला खटला घेऊन उभा राहिला. उलटतपासणीला उठला आणि डोकं गरगरलं, प्रश्न एकही सुचेना. खाली बसला, दलालाला म्हणाला, पटेलांना द्या हे काम, आणि तीस रुपये फी परत केली. पटेलांनी एक्कावन्न घेतले. हा तरुण म्हणजे मोहनदास गांधी, आणि हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मेलेल्या माणसाचं निदान करू नये असा आमचा शिरस्ता आहे, मी करत नाही. पण त्यांनी आपलं पहिलं जाहीर भाषण म्हणून ज्याचा उल्लेख केला आहे ते 1893 मध्ये प्रिटोरियात झालं, तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढं, धंद्यातल्या सचोटीवर. कोर्टात लक्ष स्वतःच्या गरगरणाऱ्या डोक्यावर होतं, प्रिटोरियात समोरच्यांच्या प्रश्नावर. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये या आजाराची जी उकल मांडली तिचा गाभा इथं आहे. रुग्ण समोरच्याला पाहतच नाही, समोरच्याला आपण कसे दिसत असू याचं चित्र तो आतल्या आत रंगवत असतो. उपचारात ती नजर बाहेर वळवायला शिकवतात, आणि चिकटपट्टी काढायला लावतात.

आमच्या गृहस्थांची पट्टी निघायला चार महिने लागले. आधी माझ्यासमोर सही. मग कंपाउंडरसमोर. मग दवाखान्याबाहेरच्या टपरीवर कप-बशीतला चहा, तोही मुद्दाम बशी वाजवून. ही मुद्दाम फजिती करून घ्यायची रीत अल्बर्ट एलिस यांची. एलिस यांचे विचार मराठीत आणण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं, त्यामुळं इथल्या पुष्कळांना ते ठाऊक असतील. स्वतः एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसून त्यांनी महिनाभरात शंभर मुलींशी बोलणं काढलं. एकच भेटायला यायला तयार झाली, आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, हे शंभर वेळा कळलं.

शेवटची परीक्षा घरच्या दारात झाली. कुरिअरवाला आला. गृहस्थांनी ठरवून, हात थरथरू देत, मुंगीच्या पायांसारखी वेडीवाकडी सही केली आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पोरगा मान खाली घालून पुढचं पाकीट शोधत होता. म्हणाला, “खाली मोबाईल नंबर पण टाका, काका.” त्यांनी मला फोनवर हे तीनदा सांगितलं. त्यांच्या आकड्याच्या जुडीत काय झालं ते मला माहीत नाही, आम्ही एमआरआय काढला नाही.

आयोजकांकडे एक चिठ्ठी आधीच आली आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या आईची. मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, मेंदूचा एमआरआय काढून घेऊ का? नको, ताई. अहवाल नॉर्मल येईल, आणि मग घरातले म्हणतील, बघ, काही नाहीये, नाटकं करतोय. एका मुलाच्या चित्रावरून या आजाराचं निदान आज कुणालाही करता येत नाही. धीट व्हावा म्हणून त्याला वक्तृत्व स्पर्धेत ढकलू नका. आणि दुकानात, बसमध्ये, पाहुण्यांसमोर त्याच्या वतीनं उत्तरं देणंही थांबवा, कारण तीही चिकटपट्टीच आहे, तुम्ही लावलेली. वाण्याकडून सुटे पैसे त्याला मागू द्या. अडखळेल. अडखळू द्या. महिन्या-दोन महिन्यांत फरक नाही पडला तर मानसतज्ज्ञाकडे न्या. लांब जाणं जमत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. तुम्ही आधी फोन करा, त्याला लगेच फोनवर बोलायला लावू नका.

आता बाकीच्या चिठ्ठ्या. नाव लिहायची गरज नाही. हात वर करून कुणी विचारायचं नाही, आज तो नियम. कार्यकर्त्यांनी पिशवी दाराजवळून फिरवायला सुरुवात करावी आणि हे मागचे चार दिवे तेवढे घालवावेत.